डोळ्याखालचा भोवरा

सारंगखेड्याच्या बाजारात घोडं पारखणारी जुनी माणसं दातांच्या आधी भोवरे बघतात. अंगावरचे केस जिथे गोल फिरतात तो भोवरा. गळ्याखाली असला तर तो देवमण. असं घोडं दारी आलं की बरकत येते म्हणतात. डोळ्याखाली असला तर आसुढाळ. असं घोडं स्वतः आसू गाळतं आणि मालकाच्या घरालाही गाळायला लावतं, अशी समजूत. आमच्या तापीच्या डाव्या डोळ्याखाली, पेरभर अंतरावर, असा भोवरा होता. एरवी तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. अंग कुमैत, आयाळ काळीभोर, कपाळावर चांदणी आणि चाल अशी रवाल की भरलेला तांब्या हातात धरून बसलं तरी थेंब सांडू नये. पण भोवरा दिसला की गिऱ्हाईक तिच्या पाठीवरून हात काढून घ्यायचं आणि पुढच्या खुंट्याकडे जायचं.

ही १९५८ च्या दत्तजयंतीची गोष्ट. मी तेव्हा पाळण्यात होते. पण आबा, आजी आणि आबांचे मित्र यांच्या तोंडून ती इतक्या वेळा ऐकली आहे की आता ती पाहिल्यासारखीच वाटते. आमचा जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेश. पुढे त्याचा धुळे झाला आणि १ जुलै १९९८ ला त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. आमचं गाव ब्राह्मणपुरी शहादे तालुक्यातच राहिलं, उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला तापी यांच्या मधल्या काळ्या जमिनीत. आमची ज्वारी आणि भुईमूग डोंगराच्या अंगाला. भुईमूग भरला की रात्री रानडुकरांचे कळप उतरायचे आणि एका रात्रीत वाफेच्या वाफे उकरून टाकायचे. त्यासाठी आबांकडे परवान्याची ठासणीची एकनळी होती. पिकाची राखण हे बंदुकीचं कारण. पण खरं सांगायचं तर शिकार हा आबांचा जीव होता, आणि पौष-माघात डोंगराकडे जायला त्यांना स्वतःचं घोडं हवं होतं.

बाजारात त्यांच्याबरोबर शहाद्याचे चाचा होते. कापडाचा धंदा करणारे, आबांचे तरुणपणापासूनचे दोस्त. मारवाडहून, काठेवाडहून, पंजाबातून आलेली घोडी त्या दोघांनी दिवसभर बघितली. संध्याकाळी आबा या घोडीपाशी परत आले. व्यापाऱ्यानं रुमाल हातावर टाकला, रुमालाखाली बोटं दाबली गेली आणि बाजारभावाच्या निम्म्यात सौदा पटला. चाचांनी भोवऱ्याकडे बोट केलं तेव्हा आबांनी विचारलं म्हणे, "दत्ताच्या दारात उभं राहिलेलं जनावर अपशकुनी कसं असेल?" तापीच्या काठी मिळाली म्हणून तिचं नाव तापी. आबांना पुराणं आवडायची. तापी ही सूर्याची लेक, आणि सूर्याची बायको संज्ञा घोडीचं रूप घेऊन रानात राहिली होती; तेव्हा सूर्याच्या घरी घोडी काही परकी नाही, असं ते नाव ठेवताना म्हणाले होते.

घरी मात्र खरा प्रश्न आजीचा होता.

आजीचं माहेर महानुभाव पंथाचं. उपदेश घेतलेली बाई ती. आमच्या घरात लग्न होऊन आली तेव्हा तिनं एकच गोष्ट मागून घेतली होती : चुलीवर मांस चढणार नाही. आबांनी शब्द दिला आणि पन्नास वर्षं पाळला. आजी पंचकृष्णांना सोडून दुसऱ्या देवापुढे हात जोडायची नाही. भेटलेल्या माणसाला "दंडवत" म्हणायची. तिच्याकडे लाल कापडात बांधलेला एक 'विशेष' होता, म्हणजे पूज्य स्थानाचा एक लहानसा खडा. तो देव्हाऱ्यात वेगळा असायचा आणि शेजारी आबांची महादेवाची पिंड. एकाच देव्हाऱ्यात दोघांचे दोन कोपरे. आबा श्रावणात सोमवारी प्रकाशाला केदारेश्वराला जायचे. आजी कधीच गेली नाही. आजी पोथी ऐकायला बसायची; आबा तिथे थांबायचे नाहीत. सारंगखेड्याचा दत्त तेवढा दोघांचा. तिथली मूर्ती एकमुखी. तीन मुखांच्या दत्ताची सवय असलेला माणूस तिथे पहिल्यांदा थबकतो. पण महानुभावांचे दत्तात्रेयप्रभू एकमुखीच, त्यामुळे आजीला ते आपलंच दैवत. वर्षातून त्या एका दिवशी ती दोघं एकाच गाडीत बसून एकाच देवाला जायची.

म्हणून घोडी सारंगखेड्याहून आली हे आजीच्या दृष्टीनं महत्त्वाचं होतं. गल्लीतल्या बायका भोवरा बघून तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. आजी पुढे झाली, कंदील घोडीच्या डोळ्यापाशी नेला आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, "रडनी ते पुसूत आपन." आणि लुगड्याचा ओला पदर त्या भोवऱ्यावरून फिरवला.

आबांचा शिकारीचा गट पाच जणांचा. चाचांकडे बारा बोअरची दुनळी. शाळेचे मास्तर नेम धरण्यात सगळ्यांत कच्चे, पण वाटेत गोष्टी सांगण्यात पक्के. सुतारबाबा बंदुकीचा दस्ता दुरुस्त करायचे म्हणून गटात आले आणि मग राहिलेच. चौथे डोंगरातले पावरा मित्र. त्यांना आम्ही मुलं 'डोंगरबाबा' म्हणायचो. त्यांचा हात तीरकामठ्यावर. रात्री तीन वाजता झाडाखालून सरकणारी सावली भेकराची की डुकराची हे त्यांना नुसत्या पावलाच्या आवाजावरून कळायचं. १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्यानं शिकारीला परवाना लागायचा. आबा तो कागद चहाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे आणि निघण्याआधी दोनदा तपासायचे.

या चौघांच्या जोडीला आमचा सालदार असायचा. जातीनं भिल्ल, आणि गुलाम महाराजांचा आपधर्म मानणारा. १९३० च्या दशकात तळोद्याकडे मोरवडला गुलाम महाराजांनी जी चळवळ उभी केली, तिच्यात त्याचा बाप सामील झाला होता. दारू सोडलेली, सकाळी आंघोळ केल्याशिवाय भाकरी नाही, आणि समोर येईल त्याला "आप" म्हणून नमस्कार. तो मांस खात नव्हता, बंदुकीला हात लावत नव्हता. त्याचं काम घोडी धरायचं. सगळे रानात शिरले की तो मोहाच्या झाडाखाली तापीच्या तोंडाला चंदीचा तोबरा बांधून बसायचा. दर पहाटे ठाणावर आला की आधी तिला म्हणायचा, "आप." ती कान पुढे करायची. पुढे १९७२ नंतर तो श्रमिक संघटनेच्या मोर्चांना शहाद्याला जाऊ लागला, सालदारांच्या मजुरीसाठी. आम्ही त्याला वर्षाकाठी काय देत होतो ते मोठेपणी वहीत वाचलं तेव्हा माझी मान खाली गेली. तापीच्या चंदीचा खर्च त्याच पानावर होता. दोन आकडे शेजारी शेजारी होते आणि त्यांत जेवढं अंतर असायला हवं होतं तेवढं नव्हतं.

शिकारीला निघताना प्रत्येक जण आपापलं काही करून निघायचा. आबा पिंडीवर बेल वाहायचे. डोंगरबाबा पायथ्याला वाघदेवापुढे नारळ ठेवल्याशिवाय कुणाला पुढे जाऊ द्यायचे नाहीत. ससा किंवा तितर पडलं की चाचा सुरी घेऊन धावायचे, देवाचं नाव घेऊन हलाल करायचे, आणि बाकीचे तेवढा वेळ बोलायचे नाहीत. डुक्कर पडलं तर चाचा हात लावायचे नाहीत. ते कंदील धरून बाजूला उभे राहायचे, आणि डुक्कर पाड्यात आणि गावाच्या भिलाटीत वाटलं जायचं. सुतारबाबा गुरुवारी खायचे नाहीत. एका मोळीत एवढे नेम-धर्म बांधलेले होते आणि मोळी कधी सुटली नाही. मला हे लहानपणी साधं वाटायचं. आज वाटतं, त्या पाच जणांनी ते किती काळजीनं सांभाळलं असेल.

तापीला रक्ताचा वास सहन व्हायचा नाही. घोड्याची जातच तशी. डुक्कर पाठीवर टाकायला आणलं की तिच्या नाकपुड्या फुलायच्या, पाठीचं कातडं थरथरायचं आणि ती मागे मागे सरकायची. आबा तेव्हा डोक्याचं पागोटं काढून तिच्या नाकाशी धरायचे. घामानं ओलं झालेलं, त्यांच्याच वासाचं. ती त्यात तोंड खुपसून दोन-तीन श्वास घ्यायची आणि उभी राहायची. उघड्या डोक्याचे आबा आम्ही घरात कधी पाहिले नव्हते. ते फक्त तिनं पाहिले.

पहाटे ती मंडळी परत यायची. आमच्या वाड्याला दोन दारं. माणसांचं पुढचं आणि जनावरांचं मागचं. मागच्या दारापाशी, विहिरीच्या कडेला, काळ्या दगडाची मोठी फरशी होती. त्या फरशीवर आजी तांब्याचं घंगाळ भरून गरम पाणी घेऊन उभी असायची. शिकार आत यायची नाही. गोठ्यापलीकडे तीन दगड मांडलेले होते, आबांचा स्वयंपाक तिथे. आजी त्या बाजूला बघायची नाही. आबांना एक शब्द बोलायची नाही. ती घोडीला धुवायची.

आधी डाव्या डोळ्याखालून, ओल्या पदरानं. मग कपाळ, मान, खांदे. खोगिराखालचा घाम, पोटावर सुकलेलं रक्त, एकेक पाय गुडघ्यापासून खुरापर्यंत. शेवटी शेपूट. दोन घंगाळं पाणी लागायचं. तापी त्या वेळी डोळे अर्धे मिटून घ्यायची, खालचा ओठ लोंबायचा आणि मागचा एक पाय दुमडून ती आजीच्या खांद्यावर थोडा भार टाकायची. मी पायरीवर बसून बघायचे. आजी धुताना ओठातल्या ओठात स्मरण करायची, आणि कधी मला गोष्ट सांगायची. नेहमी एकच : चक्रधरस्वामींनी सशाला वाचवल्याची. पारधी सशाच्या मागे लागले, ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली लपला, पारधी आले आणि मागू लागले. स्वामींनी सशाला तर दिलं नाहीच, त्यांच्याशी असं बोलले की त्यांनीच मारायचं सोडलं. लीळाचरित्रातली ही लीळा पुढे मी पुस्तकात वाचली. पण मला ती अजूनही गरम पाण्याच्या आणि ओल्या घोड्याच्या वासासकटच आठवते. आजी ती पुरेशा मोठ्या आवाजात सांगायची. गोठ्यापलीकडे तीन दगडांपाशी बसलेल्या माणसाला ती ऐकू जावी एवढ्या.

मी एकदा विचारलं, "आजी, तू आबांना का नाही सांगत?"

"सांगते ना," ती म्हणाली, "रोज सांगते."

तापी घरात दोन वर्षं झाली आणि धाकटे काका गेले. १९६० च्या पावसाळ्यात, मळ्यात साप चावून. एकोणीस वर्षांचे होते. तापीचे लाडके, तिच्या उघड्या पाठीवर बसून ते तिला पाणी पाजायला न्यायचे. त्यांच्यामागून ती आठ दिवस चंदीला तोंड लावत नव्हती, असं आई सांगायची. पण गावानं वेगळंच बघितलं. डोळ्याखालचा भोवरा बघितला. दारात बसायला आलेली माणसं जाताना ठाणाकडे बघून जायची. आबा खचले होते. ज्यांनी बाजारात दत्ताचं नाव घेऊन घोडी घेतली, त्याच आबांनी त्या मार्गशीर्षात तिला विकायला काढली. मी त्यांना दोष देत नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा पुरून आलेल्या माणसाला कुठेतरी बोट ठेवायचं असतं.

आजी गाडीत बसली. दर्शनाला जायचं म्हणाली. घोडी गाडीच्या मागे बांधलेली. सारंगखेड्याला पोहोचल्यावर आबा बाजारात गेले आणि आजी देवळात. चाचा सांगायचे, सौदा जवळजवळ पटला होता, रुमालाखाली आबांचा हात होता, तेवढ्यात आजी गर्दीतून वाट काढत आली. गुडघ्यांना माती लागलेली, दंडवत घालून आलेली. बाजारात बायका फारशा नसत. तिनं दलालाच्या हातातला दोर घेतला. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "माझ्या लेकराचं आयुष्य हिच्या डोळ्याखाली लिहिलेलं नव्हतं." आणि घोडी घेऊन चालायला लागली. आबा रुमालाखालचा हात काढून घेऊन तिच्या मागोमाग आले. परतीच्या वाटेवर ती दोघं काही बोलली नाहीत आणि घोडी गाडीच्या मागे न बांधता आजीनं दोर हातात धरून ठेवला, गाडीच्या मागच्या फळीवर बसून, घरापर्यंत.

माझ्या आठवणीतली तापी त्यानंतरची. ती उसाच्या वाढ्यासाठी वेडी होती. वाढ्याची मोळी अंगणात पडली की ठाणावरून मान लांब करून जिभेनं एक पान ओढायची आणि मग ओढतच राहायची. अंगणाच्या फाटकाची कडी तिला ओठानं उघडता यायची. आबांनी कडीला सुतळी बांधली, तिनं सुतळी चावली. छत्रीचं तिला भयंकर वावडं. पाहुणा पावसात आला तर त्याला छत्री बाहेर मिटूनच आत यावं लागे. वडिलांना तिनं कधी पाठीवर बसू दिलं नाही, आणि मी मात्र शेपटीला लोंबकळले तरी हलायची नाही. तिला दोन शिंगरं झाली. पहिलं नर होतं, ते चाचांनी नेलं. दुसरी शिंगी महिन्याभरात गेली. त्या वेळी तापीच्या कासेत दूध दाटून सूज आली आणि आजीनं चार दिवस कडुलिंबाचा पाला उकळून शेक दिला.

महाशिवरात्रीला आबा तिला घेऊन तोरणमाळला जायचे, तेच मित्र बरोबर असायचे आणि वाटही शिकारीचीच. त्या दिवशी बंदूक घरी. सातपायरीचा घाट चढून वर गेलं की गोरखनाथाचं देऊळ, यशवंत तलाव आणि हजारो पावरा-भिल्लांची यात्रा. चाचा तलावापाशी घोडी सांभाळत थांबायचे आणि येताना प्रसादाचं नारळ घरी न्यायचे. आबा म्हणायचे, माघात जे जनावर आम्हाला बघून पळायचं ते शिवरात्रीला वाटेवर उभं राहून बघतं. ते खरंच तसं असेल का, मला माहीत नाही. आबांना तसं दिसायचं, हे मला माहीत आहे.

१९६७ च्या हिवाळ्यात ते झालं.

शिकारीचा एक नियम आबांनी स्वतः घातलेला होता : घोड्यावरून बार उडवायचा नाही. उतरायचं, घोडी सालदाराकडे द्यायची, मग पुढे जायचं. त्या रात्री परत येताना, शिकार संपलेली, बंदूक भरलेली तशीच खांद्याला. ज्वारीच्या कडेला एकाएकी मोठा सुळेवाला डुक्कर आडवा आला. आबांनी खोगिरावर बसूनच बंदूक उचलली आणि तापीच्या डोक्याच्या डाव्या बाजूनं बार काढला. ठासणीची बंदूक, दारू जास्त भरलेली. डुक्कर निघून गेलं. तापी उधळली नाही. ती जागच्या जागी गुडघ्यांवर बसली.

आबा तिला चालवत घरी आले. सहा मैल, तिच्या पुढे, पाठीमागे वळून वळून बघत. ती डोकं झटकत होती, गोल फिरायला बघत होती. फरशीवर आली तेव्हा डाव्या कानातून रक्ताची बारीक धार गालावरून भोवऱ्यापर्यंत आली होती. आजीनं घंगाळ खाली ठेवलं. तिनं आबांकडे बघितलं, आणि मला वाटलं की आता ती बोलेल. ती आत गेली, तिळाच्या तेलात लसूण कडवला, कोमट केलं आणि कापसानं कानात सोडलं. आबा नऊ रात्री ठाणावर झोपले, गवताच्या पेंढ्यांवर.

कान गेला तो गेलाच. घोड्याचे कान सारखे बोलत असतात. पुढे, मागे, आवाजाच्या दिशेला. तापीचा उजवा कान बोलायचा आणि डावा तसाच, पान सुकून फांदीला राहावं तसा. भिलाटीतल्या म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, अखेर आसुढाळानं तिचंच वाटोळं केलं. आबा ओसरीवर बसलेले होते. ते उठून दारापाशी गेले आणि त्यांना म्हणाले, "भोवऱ्यानं नाही केलं. माझ्या या बोटानं केलं." आणि उजव्या हाताचं बोट वर धरलं. पाटीलकीचा ताठा असलेल्या माणसाला गल्लीत उभं राहून असं बोट दाखवताना मी त्याआधी बघितलं नव्हतं.

शिकार त्या दिवशी सुटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. आबा पुढची तीन-चार वर्षं जात राहिले. पण तापीला नेलं नाही. बैलगाडीतून, पायी, एकदा मास्तरांच्या सायकलीवर मागे बसून. ते निघाले की ती ठाणावरून खिंकाळायची, एवढी की शेजारी जागे व्हायचे. आबा वळून बघायचे नाहीत. परतायचे तेव्हा आजी फरशीवर घंगाळ घेऊन उभी, आणि ठाणावरून आणलेली स्वच्छ, कोरडी, कुठेही न गेलेली घोडी. आजी तिला तशीच धुवायची. डोळ्याखालून सुरुवात, शेपटीला शेवट, दोन घंगाळं. आबा थोडा वेळ उभे राहायचे आणि मग पलीकडे तीन दगडांकडे जायचे. एका माघात ते दगडांकडे गेलेच नाहीत. आणलेले दोन तितर त्यांनी सालदाराबरोबर भिलाटीत पाठवून दिले.

मग १९७२ आलं. वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि त्याच वर्षी दुष्काळ. विहिरीनं तळ गाठला. डोंगरातली जनावरं पाण्यासाठी गावाच्या शिवारापर्यंत येऊ लागली. भेकर दिवसाढवळ्या पन्हाळाशी उभं राहिलं तेव्हा आबा ओसरीवरून ते बघत होते. बंदूक भिंतीला होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी सालदाराला सांगून पन्हाळाखाली एक जुनी परात ठेवली. तापीला रोज प्यायला तीन बादल्या लागायच्या, तिच्यातली एक कमी केली आणि परातीत ओतली. ती बादली आबा स्वतः ओतायचे. बंदूक पुढच्या वर्षी त्यांनी ठाण्यात जमा करून टाकली. दस्त्यावर सुतारबाबांनी बसवलेली पितळी पट्टी तेवढी काढून ठेवली. ती माझ्याकडे आहे.

आमच्याकडे ट्रॅक्टर आला, शहाद्याला जायला एसटी झाली, भुईमुगाच्या जागी ऊस आला आणि केळी आली. तापी म्हातारी झाली. तिला आता काम नव्हतं. आबा रोज संध्याकाळी तिला हाताशी धरून शिवारातून फिरवून आणायचे, कायम तिच्या उजव्या अंगानं चालत, कारण बोललेलं तिला तिकडूनच ऐकू यायचं. काय बोलायचे ते कुणाला कळत नव्हतं. एकदा मी मागून गेले, तेव्हा ते तिला उसाचा भाव सांगत होते.

ती गेली १९७९ च्या वैशाखात, पंचविशीत. घोड्याच्या मानानं पुष्कळ जगली. मळ्याच्या बांधावर, काकांना जिथे नेलं होतं त्याच्या अलीकडे, तिला पुरलं. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही. उन्हाळ्यात जमीन खणायला माणसांना दीड दिवस लागला आणि आबा तो दीड दिवस उन्हात उभे होते, एवढंच.

मला सांगायचं आहे ते त्याआधीचं. आजी गेली १९७५ च्या भाद्रपदात. तिच्या पंथाच्या रीतीप्रमाणे सगळं झालं, आणि आबांनी त्यात एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. देव्हाऱ्यातला 'विशेष' तिच्या माहेरच्यांनी मागितला. आबांनी तो दोन्ही हातांनी दिला. मग त्या कोपऱ्यात काही ठेवलं नाही.

त्या वर्षीच्या दत्तजयंतीला आबा एसटीनं सारंगखेड्याला गेले. एकटे. मी अठरा वर्षांची, कॉलेजला सुट्टी म्हणून घरी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे ते परत आले, मागच्या दारानं, आणि बघतात तर तापी ठाणावर नव्हती. कडी ओठानं उघडून ती बाहेर आली होती आणि विहिरीपाशी काळ्या फरशीवर उभी होती. मागचा एक पाय दुमडलेला, खालचा ओठ लोंबलेला, डोळे अर्धे मिटलेले. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. पाठीवर दव पडलेलं होतं. सारंगखेड्याहून, डोंगरातून, कुठूनही या दारानं पहाटे माणूस परत यायचा तेव्हा काय होतं, ते तिला माहीत होतं.

आबांनी पिशवी खाली ठेवली. स्वयंपाकघरात आले. मी चूल पेटवत होते. त्यांनी आयुष्यात कधी पाणी तापवलं नव्हतं. घंगाळ कुठे असतं हेही त्यांना मला विचारावं लागलं. पाणी उकळू लागलं तरी ते बघतच राहिले, तेव्हा मी म्हटलं, आबा, एवढं नाही, कोमट लागतं. मग ते घंगाळ उचलून घेऊन गेले. मी मागोमाग पायरीपर्यंत गेले. त्यांनी धोतराचा सोगा पाण्यात बुडवला आणि पिळला. मग थांबले. पुन्हा बुडवला, पुन्हा पिळला.

"कुठून सुरुवात करायची ती?" त्यांनी विचारलं.

"डोळ्याखालून," मी म्हटलं. "डाव्या."

त्यांनी पागोटं काढून पायरीवर माझ्याजवळ ठेवलं. तापीनं भार त्यांच्या खांद्यावर टाकला, आणि त्यांना तो पेलेपर्यंत त्यांचे पाय थोडे सरकले. उजाडेपर्यंत एक घंगाळ संपलं. दुसरं मी तापवून आणलं.